पीएचसीतला ताप आणि संशोधन: पीजी आधी, पीएचडी आधी, की दोन्ही एकत्र?

मोहफूल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज विचारायचं आहे म्हणून धागा काढतोय. एमबीबीएस झालंय, सध्या बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलपट्टीतल्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर आहे. धानाची रोवणी आटोपली की आमच्याकडे तापाची रांग लागते. आरडीटी किटवर (झटपट रक्तचाचणीत) मलेरिया निघाला तर काही प्रश्न नाही, गोळ्या आहेत, चार्ट आहे, आशाताईंना सगळं तोंडपाठ आहे. अडतं ते निगेटिव्ह निघालेल्यांचं. डेंगी निगेटिव्ह, टायफॉइडची विडाल टेस्ट तर इकडे कुणाचीही पॉझिटिव्ह येते त्यामुळे तिच्यावर भरवसा नाही, आणि पेशंट आठ-आठ दिवस फणफणतोय. डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक) दिली की त्यातले बरेच जण दोन दिवसांत उठून बसतात. पण रजिस्टरमध्ये आजाराच्या रकान्यात नुसतं 'ताप' लिहिलेलं राहतं. पानंच्या पानं 'ताप'.

हा ताप म्हणजे नक्की काय हे मला शोधायचं आहे. आणि पेशंट बघणंही सोडायचं नाही. घरी धानाची शेती, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, बाबा म्हणतात आधी एमडी हो मग जग बदल. सर लोकांना विचारलं तर कुणी म्हणतं मायक्रोबायोलॉजी घे, कुणी म्हणतं मेडिसिन, एक सर म्हणाले थेट पीएचडीला जा. डॉक्टरकी आणि संसर्गजन्य आजारांवरचं संशोधन दोन्ही खरोखर जमवलेलं कुणी आहे का इथं? कसं जमवलं?

पोट्टा_नागपूरचा
आधी नीट-पीजी (एमडीची प्रवेश परीक्षा) काढ भावा. बाकी सगळं नंतर.

सीताबर्डीकर
धागाकर्त्याने आयडी मोहफूल घेतलाय आणि बसलाय १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात, याबद्दल आधी सत्कार झाला पाहिजे :)

मोहफूल
@सीताबर्डीकर मोहफुलाची भाकर आणि लाडूपण होतात हो दादा, कधी या इकडे. @पोट्टा, अभ्यास चालू आहे, रात्री लाईट असली तर.

वर्धेकरीण
मी एमडी मेडिसिन, वर्धा जिल्ह्यात शिकवते. तुझी पोस्ट वाचून फार बरं वाटलं, कारण 'पानंच्या पानं ताप' हे ज्याला टोचतं तोच या वाटेला टिकतो.

पहिली गोष्ट, तू ज्याचं वर्णन करतोयस त्यात स्क्रब टायफस नक्की मनात धर. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याचे पेशंट मोठ्या संख्येने आले, मृत्यूही झाले, तोवर आपल्याकडचे कित्येक डॉक्टर हा हिमाचल-तामिळनाडूचा आजार समजत होते. गवतात, झुडपात असणाऱ्या बारीक किड्याच्या पिल्लांनी चावल्यावर होतो. चावल्याच्या जागी काळी खपली, भोवती लालसर कडा. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगतच नाही. आणि ती असते कुठे, काखेत, जांघेत, बाईच्या परकराच्या नाडीखाली, छातीखाली. ओपीडीत शंभर माणसं असताना कोण कपडे काढून बघणार? सिस्टरला सोबत घेऊन पडद्याआड बघायची सवय लाव. या एका सवयीने तुझ्या रजिस्टरमधल्या बऱ्याच 'तापा'ना नाव मिळेल.

दुसरी गोष्ट तुझ्या प्रश्नाची. संशोधन म्हणजे फक्त लॅब असं समजू नकोस. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आपल्याच देशातली एक ट्रायल छापून आली, गंभीर स्क्रब टायफसचे ७९४ पेशंट, सात केंद्रं. नुसती डॉक्सी, नुसती अझिथ्रो (अझिथ्रोमायसिन, हेही अँटिबायोटिकच) आणि दोन्ही मिळून शिरेतून, अशी तुलना. दोन्ही मिळून दिलेल्यांमध्ये मृत्यू, राहिलेला ताप किंवा गुंतागुंत साधारण ३३ टक्के, आणि एकेकटं औषध दिलेल्यांमध्ये ४७-४८. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी पुढाकार घेतला होता. वॉर्डात राउंड घेणाऱ्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न होता तो, की दोन्ही स्वस्त औषधं हाताशी आहेत तर एकत्र द्यायची की नाही. असे प्रश्न वॉर्डातच सुचतात. म्हणून माझं मत मेडिसिन.

धुरा_बांध
ताई त्या खपलीचं आमच्याकडं माझ्या काकूले झालं होतं बरोबर मांडीच्या वरच्या बाजूले. घरच्यांना वाटलं गोचीड चावला. चार डाक्टर फिरलो यवतमाळ जिल्ह्यात, शेवटी एका पोरसवदा डाक्टरणीनं पाहिलं अन् दहा रुपयाच्या गोळ्यांत काकू उठली. त्या पोरीचं नाव आजपण आमच्या घरी निघते.

सूक्ष्मदर्शक
वर्धेकरीण ताईंशी अर्धा सहमत. मी एमडी मायक्रोबायोलॉजी आणि मग पीएचडी, म्हणजे धागाकर्त्याने विचारलेलं 'दोन्ही' केलंय.

अमेरिकेत १९६४ पासून सरकारी पैशावर एमडी-पीएचडी एकत्र चालतं, साधारण आठ वर्षं लागतात, मुलगा दोन वर्षं मेडिकल शिकतो, मग लॅबमध्ये जातो, मग परत वॉर्डात. आपल्याकडे असा सलग रस्ता फार थोड्यांना मिळतो, बहुतेक जण आधी एमडी करतात आणि मग पीएचडी. त्याचा तोटा वय. फायदा असा की पीएचडीला बसताना तुम्हाला आजार माहीत असतो. माझ्या लॅबमध्ये एमएस्सीवाली मुलं हाताने माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज होती, पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) त्यांनीच शिकवलं मला, पण हे सॅम्पल तापाच्या तिसऱ्या दिवशीचं आहे की बाराव्या, आणि त्याने निकाल का बदलतो, हे त्यांना मी सांगायचो. स्क्रबची आयजीएम एलायझा (अँटीबॉडी शोधणारी रक्तचाचणी) पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, अंगात अँटीबॉडी तयारच झालेली नसते. पीसीआर उलट सुरुवातीला उपयोगी. ज्याने पेशंट पाहिलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

गगनदीप कांग यांचं उदाहरण डोळ्यापुढे ठेव. एमबीबीएस, एमडी मायक्रो, पीएचडी, सगळं वेल्लोरला, आणि मुलांच्या जुलाबावर, रोटाव्हायरसवर काम. वेल्लोरच्या वस्त्यांमधली मुलं जन्मापासून वर्षानुवर्षं बघितली त्यांच्या टीमने. २०१९ ला रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, भारतात काम करणाऱ्या पहिल्या भारतीय बाई.

म्हणून माझं मत मायक्रो, आणि एमडीनंतर आठवड्यातून एक दिवस फिव्हर ओपीडीत बसायची अट घालून घे.

पोट्टा_नागपूरचा
बाप्पा म्हणजे ३५ वर्षाचा होईपर्यंत स्टायपेंडवरच जगायचं?

सूक्ष्मदर्शक
हो, जवळपास. खोटं कशाला सांगू. माझे बॅचमेट तोवर स्वतःचं हॉस्पिटल बांधून मोकळे झाले होते. एमडी झालेल्यांसाठी आयसीएमआर, इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, त्या मिळाल्या तर घर नीट चालतं, पण स्पर्धा आहे. घरी कर्ज असेल तर आधी आकडेमोड कर, बाबांना जवळ बसवून कर.

झाडीपट्टी_लॅबवाले_काका
मी लॅब टेक्निशियन म्हणून मलेरिया आणि हत्तीरोग विभागात नोकरी करून रिटायर झालो. पोरांनो तुमचं एमडी-पीएचडी चालू द्या पण माझं ऐका. हत्तीरोगाचे जंतू दिवसा रक्तात सापडत नाहीत, रात्री वर येतात, कारण तो डास रात्री चावतो. म्हणून आमचं सर्वेक्षण रात्रीचं. गाव झोपलं की आमची गाडी निघायची. दार वाजवायचं, कुत्री मागे लागायची, आतून म्हातारा विचारणार कोण आहे, सांगायचं रक्त तपासणी, मग शिव्या खायच्या, मग हसत हसत बोटाला सुई. काचेवर २० घनमिलिमीटर रक्त, जाड थर, कोपऱ्यावर नंबर. काच वाळते तोवर तिला माशी-मुंगीपासून जपायचं, मुंगी रातोरात रक्त खाऊन जाते. दुसऱ्या दिवशी पाण्यात हिमोग्लोबिन धुवायचं, स्टेन करायचं आणि मग सूक्ष्मदर्शकावर मान मोडेपर्यंत बसायचं. जंतू दिसला की तो असा छान वळलेला दिसतो की थकवा जातो.

हे कशासाठी सांगतो, तर नंतर कॉलेजचे लोक यायचे, माझ्या काचांचे आकडे घ्यायचे, पेपर निघायचा. तो निघालाच पाहिजे, त्याबद्दल काही नाही. पण त्यातल्या एकाही डॉक्टरने आमच्यासोबत एक रात्र काढली असती तर त्याला कळलं असतं की आकडा कमी का येतो. ज्या टोल्यावर (पाड्यावर) रस्ता नाही तिथं गाडी जात नव्हती आणि सगळ्यात जास्त हत्तीपाय त्याच टोल्यावर. मोहफूल, तू एमडी कर पीएचडी कर, पण पहिलं वर्ष टेक्निशियनसोबत काढ.

वर्धेकरीण
काका, तुमची पोस्ट मी माझ्या पीजींना वाचून दाखवणार आहे.

तिसरी_मंडळी
मी तर नागपूरची असून मला दोन वर्षांपूर्वी कळलं की चंडीपुरा व्हायरसला नाव आपल्या नागपूरच्या चंडीपुरा भागावरून पडलंय! १९६५ ला इथल्याच तापाच्या पेशंटच्या रक्तातून पुण्याच्या लोकांनी शोधला. वाळूमाशीमुळे पसरतो म्हणे.

सूक्ष्मदर्शक
@तिसरी_मंडळी बरोबर, पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर, आताचं एनआयव्ही म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. आणि यातली लक्षात ठेवायची बाजू अशी की तेव्हा तो एक साधा ताप म्हणून फाइलला लागला. २००३ मध्ये आंध्रात आणि आपल्या महाराष्ट्रात लहान मुलं मेंदूच्या तापाने पटापट दगावायला लागली, एकट्या आंध्रात ३२९ मुलांपैकी १८३ गेली, तेव्हा तो परत सापडला. २०२४ ला गुजरातमध्ये पुन्हा. पासष्ट साली कुणी तरी 'ताप' एवढ्यावर न थांबता नमुना पाठवला म्हणून २००३ ला नाव लवकर सापडलं.

शेतकरी_बाप
माझी मुलगी एमबीबीएस तिसऱ्या वर्षाला आहे सरकारी कॉलेजात. ती पण असंच बोलते. मी कापूस-तुरीवाला माणूस, मला रिसर्चमधलं कळत नाही. माझा एवढाच प्रश्न आहे, हे शिकून ती गावाकडे राहील का? कारण जो जो जास्त शिकला तो तो पुण्याला गेला, तिथून परदेशात. तुम्ही म्हणता आजार इथं आहे म्हणून शोध इथं, मग शोधणारे इथं काहून राहत नाहीत?

सामुदायिक
काका तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोठा आहे. मी पीएसएम म्हणजे कम्युनिटी मेडिसिनवाला, माझं मत वरच्या दोघांपेक्षा वेगळं पडेल.

डॉक्टर राणी आणि अभय बंग दोघं नागपूरला एमडी, त्या गायनॅक, ते मेडिसिन. संशोधन शिकायला जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स केलं आणि परत आले ते गडचिरोलीत. पीएचडी नाही, मोठी लॅब नाही. १९९० ला लॅन्सेटमध्ये त्यांचा न्यूमोनियाचा अभ्यास आला, गावातल्या साध्या कार्यकर्त्यांनी आणि दायांनी लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर मृत्यू कमी होतात हे दाखवणारा. दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, श्वास मोजायचे कसे? तर त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या रांगा असलेलं साधं यंत्र केलं. मिनिटभरात मणी सरकवत जायचे, ठरलेल्या मण्याच्या पुढे गेलं तर न्यूमोनिया. हा संसर्गजन्य आजारावरचा पहिल्या दर्जाचा शोध आहे आणि तो गडचिरोलीच्या बाहेर बसून लागलाच नसता.

वर्ध्याचंच बघा. दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरोग्यांचं काम, १९५१ ला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान, त्यांनी घरोघर जाऊन शोधा, समजवा, घरीच औषध द्या ही पद्धत बसवली. त्यामुळे मोहफूल, तुझ्या हातात आत्ता जे आहे, म्हणजे गाव, रजिस्टर, आशा, हे मेडिसिन आणि मायक्रोवाल्यांना नंतर मागूनही मिळत नाही. पीएसएम कर, किंवा चेन्नईच्या एनआयईचं (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचं) एपिडेमिओलॉजीचं एमपीएच, किंवा एनसीडीसीचा (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा) ईआयएस हा प्रशिक्षणक्रम. साथ आली की तिथं जाऊन शोध कसा घ्यायचा हे तिथं शिकवतात, आणि पगार-मानधन चालू राहतं.

पोट्टा_नागपूरचा
पीएसएम घेतलं की लोक म्हणतात याला काही मिळालं नाही. खरं आहे की नाही?

सामुदायिक
लोक म्हणतात. लोकांचा ताप कोण शोधणार ते पण त्यांनीच सांगावं.

वर्धेकरीण
सामुदायिक सर, मुद्दा मान्य, पण एक सांगते. फिल्डवाला जेव्हा स्वतः पेशंट बघत नाही तेव्हा हळूहळू त्याच्या फॉर्मवरच्या रकान्यांचा आणि माणसाचा संबंध तुटतो. बंग दाम्पत्याचं काम टिकलं कारण ते ओपीडीही चालवतात. डॉक्टरकी आणि संशोधन ही एका जुवाची बैलजोडी आहे, एक मागे राहिला की तास वाकडं जातं. म्हणून मी क्लिनिकलला चिकटून आहे.

आशा_चंद्रपूर
मी आशा वर्कर हाय. टायपिंगची सवय नाही समजून घ्या. डॉक्टर सायेब तुमी संशोधन करा चांगलंच हाय. पण माझ्या गावात मागं एका कॉलेजची टीम आली होती तापाच्या तपासणीले. मी घरोघरी गेली, बायांना समजावलं, माझ्या तोंडाकडं पाहून त्यांनी रक्त दिलं. एक तर आठ महिन्याची गरोदर होती. गाडी गेली ते गेलीच. रिपोर्ट नाही, फोन नाही. आता मी मलेरियाची स्लाइड घ्यायले गेली तर म्हणतात, मागच्या रक्ताचं काय झालं ते सांग आधी, विकलं काय? मी काय सांगू त्यांना? टीमवाले परत येणार नाही, मले तर त्याच गावात रोज जा लागते. म्हणून सांगते, पीएचडी करा नाहीतर काही करा, रक्त घेतलं तर सांगायले या. वाईट असलं तरी सांगायले या.

धुरा_बांध
ताई तुमी सगळ्यांच्या वरचं बोलल्या.

मोहफूल
आशाताई, तुमची पोस्ट वाचून काल रात्री बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझ्याही पीएचसीत अशी गावं आहेत जिथं सुई दिसली की पोरं जंगलात पळतात, मला ते अडाणीपण वाटायचं नाही पण कारणही कळत नव्हतं.

सूक्ष्मदर्शक सर, असं का होतं? सॅम्पल जातात आणि रिपोर्ट येत नाही हे मी सरकारी कामातही बघतो.

सूक्ष्मदर्शक
कारणं सांगतो, समर्थन करत नाही. एलायझाची प्लेट ९६ खड्ड्यांची असते. एका पेशंटसाठी अख्खी प्लेट लावली तर कंट्रोल, रिएजंट सगळं वाया, म्हणून लॅब नमुने साठेपर्यंत थांबते. किट संपलं तर आणखी थांबते. संशोधनात तर कधी सगळे नमुने वर्षभर डीप फ्रीजमध्ये ठेवून शेवटी एकदम तपासतात. तोवर पेशंट बरा झालेला असतो किंवा नसतो. शेवटी निकाल येतो तेव्हा टीममधला मुलगा पास होऊन गेलेला असतो आणि नंबर कुणाच्या नावाचा हे बघणारं कुणी उरत नाही.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. प्रोटोकॉल लिहितानाच निकाल गावात कोण, कधी, कसा सांगणार हे लिहायचं. बजेटमध्ये परत जायच्या गाडीचं पेट्रोल धरायचं. आशाला दिवसाचं मानधन धरायचं, घेतानाचं आणि सांगतानाचं, दोन्ही वेळचं. आमच्याकडे एथिक्स कमिटीत (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत) मी आता प्रत्येक प्रपोजलला हा प्रश्न विचारतो.

आशा_चंद्रपूर
हे पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. मी गावात असंच सांगते, की मशीनचा एक डबा भरेपर्यंत थांबा लागते.

शेतकरी_बाप
आशाताईंचं वाचून मुलीला लिंक पाठवली.

मोहफूल
आता मूळ प्रश्नावर परत येतो. सगळ्यांचं वाचून माझं असं झालंय की विषय कोणता यापेक्षा ताप कुठला हे आधी ठरवायला हवं. माझा ताप वॉर्डात पोचायच्या आधीचा आहे, पण पेशंट बघणंही सोडायचं नाही, म्हणून मेडिसिन पहिलं, पीएसएम दुसरं, असं भरायचा विचार आहे, आणि एमडीचा थीसिस याच विषयावर मागायचा. पीएचडी एमडीनंतर, तेव्हाही प्रश्न जिवंत असेल तर. बाबांना सांगितलं, ते म्हणाले एमडीपर्यंत ठीक, पुढचं पुढे बघू.

पण नीट-पीजीपर्यंतचा जो वेळ आहे त्यात रजिस्टरचं काय करू? माझ्याकडे दोन पावसाळ्यांच्या नोंदी आहेत. तेच घेऊन पेपर लिहू शकतो का?

सामुदायिक
थेट नाही. नोंदी सरकारी आहेत आणि माणसांच्या आहेत. टीएचओ-डीएचओंची (तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची) लेखी परवानगी आणि एखाद्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, नावं काढून टाकून. पण नोंदी चांगल्या ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही, ते तर तुझं कामच आहे. आजपासून प्रत्येक आरडीटी निगेटिव्ह तापाला हे लिही: ताप कितव्या दिवशी आला, गाव आणि टोला, शेवटच्या पंधरा दिवसांत काय काम केलं (निंदण, गवत कापणं, सरपण, तेंदू), खपली पाहिली का आणि सापडली का, काय औषध दिलं, कितव्या दिवशी ताप उतरला. 'खपली नाही' आणि 'पाहिली नाही' हे दोन वेगळे रकाने ठेव. इथंच निम्मे अभ्यास फसतात.

आणि ते बायोमेडिकल रिसर्चचं ऑनलाइन बेसिक कोर्स आत्ताच करून टाक, एनआयईचा आहे, स्वयमवर (सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर). पीजीला गेल्यावर तसाही करावाच लागतो.

वर्धेकरीण
खपली असलेले आणि पाच दिवसांच्या वर ताप असलेले पेशंट वर पाठवशील तेव्हा चिठ्ठीवर 'स्क्रब आयजीएम करावी' असं स्पष्ट लिही आणि रिपोर्टची वाट बघत थांबू नकोस, संशय आला की डॉक्सी सुरू कर. गरोदर असेल तर अझिथ्रो. धाप, कावीळ, लघवी कमी, असंबद्ध बडबड यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रेफर. रेकॉर्डसाठी एकाचंही औषध लांबवायचं नाही.

झाडीपट्टी_लॅबवाले_काका
आणि सॅम्पल पाठवशील तर ट्यूबवर बॉलपेनने लिहू नको, बर्फाच्या पाण्यात लेबल पुसतं. शिसपेन्सिलीने चिकटपट्टीवर लिही, वरून पारदर्शक टेप मार. नाव, वय, गाव आणि तापाचा दिवस. रक्त गोठू दे, सिरम वेगळं करून मगच बर्फात ठेव, अख्खं रक्त बर्फात टाकलं तर पेशी फुटतात आणि लॅबवाला फेकून देतो. तुझ्याकडे सेंट्रिफ्यूज चालू आहे का ते आधी बघ, बऱ्याच पीएचसीत ते कपाटात असतं.

मोहफूल
आहे काका, चालू आहे पण लाईट जाते मधेच.

झाडीपट्टी_लॅबवाले_काका
मग ट्यूब तिरकी उभी करून ठेव तासभर, सिरम आपोआप वर येतं. ड्रॉपरने हळू काढ, तांबड्याला लावू नको. अडलं तर मेसेज कर, मी ब्रह्मपुरीलाच असतो, गरज पडली तर येऊन दाखवतो.